आत उघडणारं दार

ठिणगीला ठिणगी म्हणायचे ते काही लाडानं नाही. कुणी एक शब्द वाकडा बोललं की हिचं डोकं भडकलंच. नववीत मास्तरांशी भांडली, दप्तर वर्गातच टाकून घरी आली, ती परत गेलीच नाही. आता ती कुलूपवाल्या काकांच्या टपरीत बसायची, किल्ल्या घासायची, कुणाचं दार अडकलं की जाऊन उघडून द्यायची. काका म्हणायचे, "हात चांगलाय गं तुझा. पण तोंडालापण एक कुलूप बसव."

तिची ताई अगदी उलट. शांत, आणि सदा गणितात बुडालेली. साखर समजून चहात मीठ टाकेल, वर तो चहा पिऊनही टाकेल. तिचा विषय गाठींचा. दोरीची गाठ मारायची, दोन्ही टोकं जोडून टाकायची, आणि दोरी न कापता ती गाठ सुटेल का, हे कागदावर सिद्ध करायचं.

"सरळ सोडवून बघ ना," ठिणगी म्हणायची.

"नाही सुटली तर एवढंच कळेल की मला नाही सुटली. ती सुटतच नाही, हे वेगळं."

"डोकं फिरलंय तुझं."

त्या गाठींवर पुढं शिकायला ताईला लांबच्या विद्यापीठात जागा मिळाली होती. अर्धी फी माफ. उरलेली फी आणि राहण्याखाण्याचा खर्च कोण करणार, त्याची हमी शुक्रवारपर्यंत द्यायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. ताईनं दिसेल तिथं मदतीचे अर्ज केले. सगळीकडं एकच पालुपद. डॉक्टरकी असती तर बघितलं असतं, नुसत्या गणिताला कोण देतो? आई लाँड्रीत दिवसभर उभी राहून इस्त्री करायची. ती तरी कुठून आणणार?

राहिले साहेब. टेकडीवरच्या मोठ्या घरात राहायचे आणि हुशार पोरांना स्वतःच्या खर्चानं शिकवायचे, अशी त्यांची ख्याती. बुधवारी त्यांनी बोलावलं. निरोपात होतं, धाकटीलाही आणा.

"मला कशाला? मी काय नाचून दाखवू?" ठिणगी म्हणाली.

"गप गं," आई म्हणाली. "तिथं तोंड उघडलंस तर बघ."

साहेबांच्या बैठकीत भिंतभर फोटो होते, शिकून गेलेल्या मुलांचे. ताई खुर्चीच्या टोकावर बसून बोटांना दोरी गुंडाळत होती. ठिणगी फोटो बघत होती. प्रत्येक फोटोत दोघं. एक हसणारं, आणि शेजारी एक न हसणारं.

साहेब आले. मऊ आवाज, मऊ चपला. ताईला त्यांनी गाठी समजावून सांगायला लावल्या, आणि खरोखर मन लावून ऐकलं. "म्हणजे न सुटणारी गाठ असते, हे पक्कं सांगता येतं?"

"हो. सिद्ध करता येतं."

"सुंदर." मग ते ठिणगीकडं वळले. "आणि ही? हिनं शाळा सोडली म्हणे. म्हणजे एका घरात एक दिवा आणि एक काजळी."

झालं. आईनं मांडीला चिमटा काढेपर्यंत उशीर झाला होता. "मी कुलपं उघडते. तुमच्या या घरातलं एकही दार मला अडवू शकणार नाही."

साहेब हसले. बराच वेळ हसले. "असं? वा!"

मग त्यांनी घरची रीत सांगितली. ताईचा सगळा खर्च ते करणार. पण एक मूल पुढं जातं, तेव्हा एक इथं राहतं. घरात सोबत होते, चार कामं होतात. "आणि मुख्य म्हणजे, पुढं गेलेलं विसरत नाही."

"किती दिवस?" ठिणगीनं विचारलं.

"ताई येईपर्यंत."

"आणि नाही आली तर?"

"असं कसं, बाळ? बहीण आहे ना ती तुझी."

पाणी घेऊन आलेल्या बाईला त्यांनी खोली दाखवायला सांगितलं. लांबलचक बोळात बाई पुढं, ठिणगी मागं. बाईच्या कानामागचे केस पांढरे झाले होते.

"तुम्ही इथं किती वर्षं आहात?"

"भाऊ गेलाय ना शिकायला," बाई म्हणाली. "येईल आता."

खोली स्वच्छ होती. पलंग, चादर, उंच खिडकी. पण ठिणगी कुठंही गेली तरी आधी दार बघायची. आतून कडी नव्हती. जिथं पूर्वी होती, तिथं स्क्रूची भोकं लांबीचा लगदा भरून बुजवली होती आणि वर रंग दिला होता. कडी होती ती बाहेरून. जाडजूड, तेल घातलेली.

मग तिनं बिजागऱ्या बघितल्या. दार खोलीच्या आत उघडत होतं, म्हणजे बिजागऱ्या आतल्या अंगाला. त्यांच्यातले खिळे खालून ठोकून वर काढले की अख्खं दार हातात. दोन मिनिटांचं काम. ती काही बोलली नाही. या वेळी खरंच नाही.

परतताना आई पुढं गेली, तशी ताई रस्त्यात थांबली. "तुला नसेल पटत तर सांग. मी आत्ता जाऊन नाही म्हणते. खरंच."

ताईच्या बोटावर दोरीचे लाल वळ उठले होते. कडीचं सांगितलं असतं, तर ती खरंच परत फिरली असती. आणि मग जन्मभर मीठ घातलेला चहा पीत, बंद पडलेल्या घड्याळासारखी घरात बसली असती.

"मला काय धाड भरलीय?" ठिणगी म्हणाली. "टपरीपेक्षा बरंय. पलंग आहे. तू जा आणि गाठी मार."

"चिडली नाहीस ना?"

"आता चिडेन हं."

शुक्रवारी हमी पोचली. रविवारी सकाळी ताई गेली. गाडीच्या खिडकीतून हात हलवताना रडली, तेव्हा ठिणगीनं तिला जीभ काढून दाखवली. दुपारी ती टेकडी चढली. पिशवीत दोन कपडे आणि कमरेला, सदऱ्याखाली, पेचकस आणि खिळे काढायचा जाड दाभण. आठवडाभर गप राहायचं, ताईची फी भरून तिचं तिकडं बस्तान बसलं की दार उतरवायचं, एवढा हिशेब.

साहेब स्वतः बोळातून पुढं चालत गेले. "तुझी खोली जरा नीट करून घेतली."

जमिनीवर लाकडाचा ताजा भुसा पडला होता. साहेबांनी मूठ धरून ओढलं, आणि दार बाहेर आलं, बोळात. नव्या बिजागऱ्या बाहेरून चमकत होत्या.

"इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं," साहेब मऊपणे म्हणाले. "तू त्या दिवशी बोललीस, म्हणून मी सगळी दारं एकदा बघून घेतली. चल, आत ये."

बोळाच्या टोकाला ती बाई तांब्या घेऊन उभी होती. ठिणगीकडं नाही, भुशाकडं बघत होती.

ठिणगी आत गेली. मागं कडी सरकली, तेल घातलेली, आवाजसुद्धा नाही. तिनं दारावर हात फिरवला. जुन्या बिजागऱ्यांच्या जागी लांबी भरली होती. बोटाला लागली. अजून ओली होती.