सातातून दोन गेल्या, उरल्या नऊ

आई गेली तेव्हा कोठीच्या खोलीत हिरव्या टोमॅटोच्या जॅमच्या सात बरण्या होत्या. व्हिनेगरमधल्या काकड्या होत्या, दोऱ्यात ओवून टांगलेल्या मिरच्या होत्या, वाळवलेल्या शेंगांचे डबे होते. पण थोरलीने मोजल्या त्या या सात. कारण बाबांनी बाकी सगळ्या ताटांकडे पाठ फिरवली होती. रोज सकाळी भाजलेल्या पावावर हा जॅम लावून ते खात, आणि जेवणाच्या वेळी "नको, भूक नाही," एवढंच बोलून उठत.

डॉक्टर घरी येऊन बघून गेले. "खातायत ना काहीतरी? मग काळजी नको. जोडीदार गेला की या वयात माणसं खाणंच सोडतात, तिथून मग उतरण सुरू होते. जे जातंय पोटात ते जाऊ द्या." दारात बूट चढवता चढवता डॉक्टर हे बोलले, आणि थोरलीने त्याची पदराला गाठ बांधली. एक बरणी अकरा दिवस पुरत होती. अकरा साते सत्त्याहत्तर. अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी सकाळी बाबांच्या ताटलीत काय ठेवायचं, हा प्रश्न तिला भाजी चिरताना, केस विंचरताना, समाचाराला आलेल्या माणसांपुढे मान हलवतानाही पडलेला असे.

धाकट्या भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, बाजारात ढिगाने मिळतात जॅम. आणून दे एखादा."

"बाबांना कळणार नाही?"

"त्यांना काय कळतंय! ते डोळे मिटून खातात."

ते मात्र खरं होतं. पहिला घास तोंडात गेला की बाबा डोळे मिटत. कपाळाला एक आठी पडे, मान किंचित मागे जाई, आणि घास गिळून झाल्यावरच डोळे उघडत. थोरली हे समजायला लागल्यापासून बघत आली होती. आई तर पाव पुढे ठेवून शेजारी उभीच राहायची. "बघा, लागली समाधी," असं म्हणून कौतुकाने हसायची आणि मग कामाला लागायची.

थोरली ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची. निखळलेली पानं जोडणं, गेलेला कोपरा तशाच जुन्या कागदाने भरणं, पाठ बदलली तरी ती मूळचीच वाटावी अशी बदलणं. बरं झालेलं पुस्तक हातात घेणाऱ्याला ते कधी आजारी होतं असं वाटता कामा नये, हे तिच्या कामाचं ब्रीद. तेव्हा दोन बरण्या संपून पाच उरल्या, त्या दिवशी तिला जे सुचलं ते तिच्या धंद्याला धरूनच होतं.

परसात बांबूंना बांधलेली टोमॅटोची झाडं अजून उभी होती. शेवटचा तोडा काढायचा राहून गेला होता. आई त्याच आठवड्यात दवाखान्यात गेली. थंडीने पानं करपली होती, पण फळं होती, गोटीसारखी कडक आणि हिरवी. थोरलीने ती तोडून खोक्यात भरली. कृती कुठे लिहिलेली नव्हती. आईला विचारलं की ती म्हणायची, "अंदाजाने." किती साखर? अंदाजाने. किती वेळ? कळतं. थोरलीला ते कधीच कळलं नव्हतं, कारण तिने कधी विचारलंच होतं ते रीत म्हणून. लहानपणी तिच्या वाटणीचा जॅम ती धाकट्याच्या पावावर सरकवायची, आणि धाकटा तो खिडकीबाहेर.

पहिलं पातेलं करपलं. दुसरं इतकं पातळ झालं की ते पावावरून मनगटापर्यंत आलं. तिसऱ्या वेळी तिने लिंबाची साल टाकली, चमच्याने थेंब बशीत पाडून तो घट्ट होतोय का पाहिला आणि गॅस बंद केला. बाबा दुपारी झोपत तेवढ्या दोन तासांत हे सगळं उरकावं लागे. एकदा ते लवकर उठून स्वयंपाकघराच्या दारात आले.

"कसला वास?"

"खळ शिजवतेय, बाबा. पुस्तकांसाठी."

बाबांनी पातेल्याकडे पाहिलं, ओट्यावरच्या टोमॅटोच्या देठांकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि खिडकीपाशी आपल्या टेबलावर जाऊन बसले. ते जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले होते. दुकान केव्हाच बंद झालं होतं, पण शेजारपाजारची बंद पडलेली घड्याळं अजून घरी येत, आणि बाबा डोळ्याला भिंग लावून त्यांच्या पोटात डोकावत बसत.

जॅम हा सोपा भाग निघाला. खरी कारागिरी बाहेरची. आई बरणीच्या झाकणावर कापडाची टोपी घालायची. जुन्या पडद्याचं, बाबांच्या विटलेल्या सदऱ्याचं कापड, बशी उपडी ठेवून आखलेलं गोल. बरणीच्या गळ्याशी सुतळीचे तीन वेढे आणि गाठ. पोटावर कागदाची पट्टी, तिच्यावर पेन्सिलीने वर्षाचा आकडा. थोरलीने आईच्या चिंध्यांच्या पिशवीतूनच कापड काढलं. कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केला. आईचा आकडा, तो वरून सुरू होऊन खाली दमल्यासारखा टेकणारा, तिने वीस वेळा गिरवला आणि एकविसाव्या वेळी तो आईचा झाला. पट्टी खळीने चिकटवून तिने बरणी हातभर लांब धरली. क्षणभर तिलाच वाटलं, ही आत्ता कुणी भरली?

रिकाम्या बरण्या दोनच होत्या. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण पातेल्यात जॅम उरला होता आणि या घरात काही फेकायचं नसतं. तिने माळ्यावरून आणखी दोन बरण्या काढल्या. चारही तयार बरण्या आईच्या पाचांत मिसळल्या, पुढच्या मागे, मागच्या पुढे, म्हणजे चव एकदम बदलल्यासारखी वाटू नये. सातातून दोन गेल्या, उरल्या नऊ. हिशेबातली ही गंमत तिच्या लक्षात आली नाही. काम मनाजोगतं झालं की तिचं असंच होई.

बाबा बरणी स्वतःच काढून आणत. कोठीत जात, फळीपुढे जरा वेळ उभे राहत, एक उचलत. रोज पाव, रोज मिटलेले डोळे. थोरली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चहाचा कप धरून श्वास रोखून बसे. काही बोलत नाहीत म्हणजे पटलं, असं ती समजत होती. उलट बाबांचा हात सैल सुटला होता. जॅमचा थर जाड झाला, एका पावाचे दोन झाले, अकरा दिवसांची बरणी आठ दिवसांत रिकामी होऊ लागली. तिला बरं वाटलं आणि धडकीही भरली. रिकामी बरणी आली की ती धुऊन, भरून, सजवून पुन्हा फळीवर. कोठीतली फळी कधी नऊच्या खाली गेली नाही. बाबा दुपारी झोपत, ती ढवळत उभी राही. दुपारचे दोन तास आईच्या कपाटाकडे न बघता जात, हे तिला नंतर कळलं.

मग एका दुपारी तिला वाटलं, आईच्या हातची एक बरणी आपल्यासाठी बाजूला ठेवावी. उघडायची नाही, नुसती असू द्यायची. ती कोठीत गेली आणि फळीपुढे उभी राहिली. ही? की ती? कापड तेच, कागद तोच, आकडा तोच दमलेला. तिने एकेक बरणी खिडकीशी नेऊन उजेडात धरली, पालथी केली, नखाने पट्टीचा कोपरा उचलून पाहिला. चांगल्या दुरुस्तीचा कोपरा उचलत नाही. कुणाला ओळखू येऊ नये म्हणून तिने इतकी मेहनत घेतली होती, की तिलाच ओळखू येईना. त्यांत आईची एक तरी उरलीय का, हेही सांगता येईना. ती तिथेच पिठाच्या डब्यावर बसली आणि बाबा उठेपर्यंत उठली नाही. कुणाजवळ बोलणार? चोराच्या आईसारखं तोंड दाबूनच रडणं होतं ते.

मावशी आली ती आईला जाऊन दोन महिने झाले तेव्हा. आईची धाकटी बहीण, आणि कुणाच्याही घरी गेली की आधी कोठी बघणारी. हात धुवायला म्हणून गेली ती तिथूनच ओरडली.

"अगं थोरले, नऊ कशा?"

"काय नऊ?"

"बरण्या! ताईने मला फोनवर सांगितलं होतं, यंदा बाराच झाल्या, पाच वाटल्या, सात ठेवल्या. दोन महिने भावोजी खातायत आणि सातच्या नऊ? तुझ्या आईने तिकडे जाऊनही भट्टी लावलीय की काय?"

थोरली कोठीकडे धावली. तोवर मावशी एक बरणी घेऊन टेबलाशी आली, टोपी काढली, चमचा घातला, चाटला.

"हा ताईचा नाही."

"ताईचाच आहे," बाबा भिंगातून डोळा न काढता म्हणाले.

"भावोजी, माझी जीभ अजून शाबूत आहे. हा खाता येतोय!"

पितळ उघडं पडलं तेव्हा थोरलीला सुटल्यासारखंच वाटलं. "मी केलाय, मावशी," ती म्हणाली. "बाबा, मी केलाय. आईचा संपला असता तर तुम्ही खाणं सोडलं असतं, म्हणून. तुम्ही दुसरं काहीच खात नव्हता."

बाबांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. "मला माहीत आहे."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. सुतळी." त्यांनी मावशीने बाजूला टाकलेली टोपी उचलली, तिच्यावरची सुतळी बोटाभोवती धरली. "तुझी आई डावखुरी. तिचे वेढे आयुष्यभर उलटे फिरले. हे घड्याळाच्या काट्यांसारखे फिरलेत. माझी सगळी हयात काटे बघण्यात गेली, मला हे दिसणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"दवाखान्यात ती म्हणाली होती, थोरलीचे हात रिकामे ठेवू नका, ती आतल्या आत कुढते. मी विचारात होतो, या पोरीला काय काम देऊ? घड्याळं तर तुला येत नाहीत. आणि तू आपणहून पातेलं चढवलंस. बरणी लवकर संपली की तू पुन्हा करायला घेतेस, हे बघितलं. म्हणून दोन पाव खायला लागलो."

"पण जेवत नव्हता तुम्ही!"

"अगं, सकाळी उठून एवढा जॅम पोटात गेल्यावर जेवण कुठे जाणार?"

मावशी हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. थोरलीला हसू की संतापू कळेना. "पण सुरुवातीला? माझा जॅम नव्हता तेव्हा? तेव्हाही तेवढंच खात होता. इतका आवडतो म्हणून ना?"

बाबांनी भिंग पुसायला घेतलं. "मला तो कधीच आवडला नाही," ते म्हणाले. "अडतीस वर्षं. म्हणून तर भूक नसतानाही जात होता. आधीही भूक असून काय फरक पडत होता?"

"आणि ते डोळे मिटणं?"

"औषध घेताना तू उघडे ठेवतेस?"

"मग एकदा तरी सांगायचं होतं आईला!"

"लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी केला तिने. पिकायचे राहिलेले टोमॅटो वाया जातील म्हणून. मी छान म्हणालो. आता दुसऱ्या वर्षी काय म्हणणार?"

"तिलाही कुठे आवडायचा," मावशी म्हणाली. "मला म्हणायची, मेला हा जॅम, दरवर्षी कंबर मोडते, पण यांचा जीव आहे त्याच्यावर."

टेबलावरचं कुणाचं तरी घड्याळ दुरुस्त झालं असावं, ते टिकटिकत होतं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग उठून कोठीत गेले. परत आले तेव्हा हातात एक बरणी होती. ती त्यांनी थोरलीपुढे ठेवली. निळ्या सदऱ्याची टोपी. तो सदरा थोरलीला आठवत होता. सुतळीचे तीन वेढे उलटे.

"तिच्या हातच्या बरण्या आधी संपवल्या. ही शेवटची, तुझ्यासाठी मागे सरकवून ठेवली होती. मला वाटलं, तू शोधायला येशील."

"आले होते," थोरली म्हणाली.

"ठेव जपून," मावशी म्हणाली. "ताईची आठवण."

थोरली बरणी धरून बसली. टिकाऊ करून ठेवलेल्या वस्तूही एक दिवस खराब होतातच, हे तिला रोजच्या कामातून माहीत होतं. आणि आईने ती कपाटात ठेवायला कंबर मोडून घेतली नव्हती. तिने गाठ सोडली. सुतळी सुटली तरी तिची वळणं तशीच राहिली. तिने ती तशीच उचलून खिशात ठेवली.

तीन पाव भाजले. तिघांनी लावला. कडू होता, वर आंबट होता, आणि खाली करपल्याची एक चव होती जी थोरलीला इतक्या पातेल्यांत एकदाही इतकी नेमकी साधली नव्हती. तिने घास तोंडात घेतला आणि तिचे डोळे आपोआप मिटले.

"बघितलंस?" बाबा म्हणाले. त्यांचेही डोळे मिटलेले होते आणि आवाजात अभिमान होता. "तुला इतका वाईट करायला अजून वर्षं लागतील."

थोरलीने डोळे न उघडताच दुसऱ्या पावासाठी हात पुढे केला.