एक पौंड त्रेसष्ट पेन्स

तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी मारकुटा बाप नाही असं छातीठोकपणे सांगितलं असतं. एप्रिल २०२०. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं कोंडलो होतो. मी बेडरूममधून ऑफिस करायचो, बायको प्रांजली स्वयंपाकघरातून, आणि सात वर्षांच्या मीराची शाळा जेवणाच्या टेबलावर. शाळा ब्रिटिश अभ्यासक्रमाची. राहायचं युरोत, शिकायचं पौंडात, आणि फी भरायची मी.

त्या दुपारी गणित होतं: वही एक पौंड पंधरा पेन्सची, पेन्सिल अठ्ठेचाळीस पेन्सची, एकूण किती? शंभर पेन्सचा पौंड, एवढं कळलं की झालं. मीराने एकशे त्रेसष्ट पेन्स बरोबर काढले आणि खाली पौंडात लिहिलं, १.६५. मी खोडायला लावलं. तिने पुन्हा तेच लिहिलं. पुढच्या गणितात दोनशे बत्तीस पेन्सचे २.३० केले. वरचे दोन पेन्स कुठे गेले, म्हणून विचारलं तर म्हणते, "दे डोन्ट काउंट, बाबा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरगी मुद्दाम करतेय, मला खिजवतेय, असंच वाटलं. पहिल्या थपडेने तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, तरी मी थांबलो नाही. कान पिरगाळून पुन्हा लिहायला लावलं. हुंदके देत तिने १.६५च लिहिलं. मग मी स्टीलची फूटपट्टी उचलली आणि तिच्या बोटांवर सपासप ओढली. एक फटका कडेने बसला, कातडं फाटलं, वहीवर रक्त सांडलं. असली निर्लज्ज कार्टी माझ्या पोटी कशी आली, असंही मी बोललो. खोटं कशाला सांगू?

प्रांजली मीटिंग टाकून धावत आली. माझ्या हातातली पट्टी हिसकून तिने ती माझ्याच तोंडावर हाणली. ओठ फुटला. मी तिला ढकललं, ती फ्रिजवर आदळली, पण उठून मीराला पाठीशी घालून उभी राहिली. मग तिची नजर वहीवर गेली आणि तिने ती उचलून माझ्यासमोर धरली.

तिने सांगितलं ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथे रोख पैसे दिले की सुटे एक-दोन सेंट कुणी धरतच नाही; बिल पाचाच्या पटीत करतात. एक त्रेसष्टचे एक पासष्ट घेतात, दोन बत्तीसचे दोन तीस. लॉकडाऊनआधी दर शनिवारी बाजारात मीराच नाणी मोजून द्यायची. मी चार वर्षं कार्ड टेकवून मोकळा होणारा गडी, मला याची गंधवार्ताही नव्हती. इंग्लंडात सुटी पेनीही चालते, एवढंच पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला तर मी शेजारी बसलो होतो.

संध्याकाळी मी मीराजवळ गेलो. तिच्या बोटांना बँडेज होतं. आवाज जमेल तेवढा मऊ केला, माझं चुकलं म्हणालो, एक आणि दोन पेन्सच्या नाण्यांचं नीट समजावलं. मग सोपंसं विचारलं, दोनशे सात पेन्स म्हणजे किती पौंड?

तिने वहीकडे बघितलंच नाही. ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. माझ्याशी कायम इंग्रजीत बोलणारी पोर मराठीत म्हणाली, "बाबा, तुला किती हवेत? तेवढे लिहिते."