नावाया काकांचा खांब

आमच्या बेटावर खांबाला हातोडी लावायची तर आधी खांबवाल्याला विचारावं लागतं. मानेआबाचं, म्हणजे आमच्या सभाघराचं, छप्पर सगळ्या गावाचं, पण त्याखालचा एकेक खांब एकेका कुळाचा. सभेत त्या कुळाने त्याच खांबाशी बसायचं, आणि त्याचा गिलावाही त्यानेच करायचा. कोणाचा खांब जास्त चकचकीत, यावरून माझे बाबा उरियाम आणि पलीकडचे नावाया काका यांच्यात कायमची खुन्नस. आणि सगळा गिलावा खाडीतल्या खाऱ्या वाळूचा! मीठ आत उतरतं, सळई गंजते, गंज फुगतो, काँक्रीट तडकतं. आमची माणसं तडा दिसला की त्यावर त्याच वाळूचा आणखी एक थर देतात, निळा रंग मारतात, वर कवड्या बसवतात. ओरडून ओरडून माझा घसा बसलाय.

गेल्या सणाला नावाया काकांच्या डोक्यावरच्या तुळईचा एक ढलपा चटईवर पडला, म्हणून मी काम करते त्या बांधकाम कचेरीने मला तपासणीला धाडलं. मी पोचले त्याच दिवशी उधाण आलं. घराघरात पाणी शिरलं, आणि मानेआबाचा ओटा उंच म्हणून सगळं गाव लेकराबाळांसकट तिथे येऊन बसलं.

सकाळभर मी खांब ठोकत फिरले. धड काँक्रीट ठणकन वाजतं. बरेचसे वाजले, बाबांचाही. नावाया काका सर्वांत शेवटी आले आणि म्हणाले, "ठोक बाई, तुझ्या बापाचा जीव थंड होऊ दे." मी ठोकला. भद्. खाली, मध्ये, वर, सगळीकडे भद्. वरची अर्धी तुळई त्या एका खांबावर होती, आणि पश्चिमेचा वारा पत्रे उचलून उचलून आपटत होता.

मी तोंड उघडायच्या आत काकांनी सभा सुरू केली. कोणाला कुठे हलवायचं हे ठरवायला. आमच्या गावची रीत अशी की सभा सुरू झाली की ती बंद होईपर्यंत जागचं कोणी उठत नाही. बंद करतो सर्वांत वयस्कर माणूस, आणि बाहेर पडतो तोही सर्वांच्या मागून. वयस्कर म्हणजे नावाया काकाच.

"काका, सभा बंद करा," मी जागेवरूनच म्हणाले. "तुमचा खांब आतून गेलाय."

"गेलाय कुठे? इथेच तर आहे!" त्यांनी खांबाला पाठ घासली. लोक हसले.

"हसू नका रे! पाया पडते, सगळे बाहेर चला."

"बाहेर गुडघाभर पाणी आहे, पोरी. सगळ्यांत देखणा खांब नेमका माझाच पोकळ निघाला? बापाने पढवून पाठवलंय तुला."

"मी कशाला पढवू?" बाबा तडकले. "तुझ्या खांबाकडे बघायला वेळ आहे कोणाला?"

"मग ये की इथे. पोरीचं खरं वाटत नसेल तर बस माझ्या शेजारी. का घाबरलास?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुखऱ्या गुडघ्यांवर सरकत सरकत ते सभा ओलांडून गेले आणि त्या खांबाला टेकून बसले. "बसलो. बोल आता."

पत्रा पुन्हा आपटला आणि खांबाच्या माथ्यावरून पिठासारखी बारीक धूळ बाबांच्या केसांत पडली. त्यांनी ती झटकली. माशी बसली असावी तशी. माझा बाप त्या मूर्ख हट्टापायी माझ्या डोळ्यांदेखत मरणार, एवढंच मला दिसत होतं.

सभेत मधून कोणी चालत जात नाही. मी गेले, ताठ उभी, धावत. काकांच्या खांबावर, त्यांच्या कवड्यांवर, हातोडी घातली. बायका किंचाळल्या. काकांनी माझं मनगट धरलं, पण तोवर गिलाव्याचा पापुद्रा हातभर सुटून खाली आला होता. आत सळई नव्हती. सळईच्या जागी लाल भुकटी होती, ओल्या चहाच्या चोथ्यासारखी.

काकांनी माझं मनगट सोडलं. भोकात बोट घातलं, बाहेर काढलं, लाल बोटाकडे पाहत राहिले. त्यांच्या बोटाखाली, खांबात, काहीतरी हळूच करकरलं. ते आम्हा तिघांनाही ऐकू आलं.

"सभा संपली," काका मोठ्यांदा म्हणाले. "पोरांना घ्या. उरियामच्या बाजूने निघा, इकडून नको."

गाव उठलं. आमच्या मानेआबाची वळचण कमरेइतकी खाली, वाकल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. म्हाताऱ्या वाकत होत्या, आया लेकरं पुढे ढकलत होत्या, आणि मी बाबांना ओढत होते. मांडी घालून त्यांचे पाय बधिर झालेले. काकांनी दुसरी काख धरली. वळचणीपर्यंत आम्ही दोघांनी त्यांना आणलं.

"तू हो पुढे," बाबा म्हणाले.

"गप! माझ्या खांबाशी आलेला पाहुणा तू. आणि सभा बंद मी केलीय."

"काका, आता रीत कसली? चला!"

"आत एक पांगळी म्हातारी राहिलीय अजून. आलोच." त्यांनी बाबांच्या पाठीत एक धक्का दिला. आम्ही दोघं पाण्यात पालथे पडलो.

उठून पाहिलं तेव्हा काका म्हातारीला वळचणीखालून बाहेर सारत होते. लोकांनी तिला ओढून घेतलं. मग त्यांनी मागे वळून एकदा सगळीकडे नजर फिरवली, कोणी राहिलं तर नाही ना म्हणून. तेवढ्या नजरेपुरते ते आत राहिले.

फारसा आवाजही झाला नाही. तुळई बसली, तिच्यामागून छप्पर बसलं, आणि वळचण पाण्याला टेकली.

माणसं पत्रे उपसू लागली. मीही उपसत होते. बाबा पाण्यात गुडघ्यांवर, लहान मुलाला हाक मारावी तशी हाक मारत होते, "नावाया, अरे सगळे आले बाहेर. ये ना आता."