केझाया ड्रूच्या चेहऱ्यावरचा उजेड

रविवारची दुपार होती, तरी इंग्लंडातल्या हॅदर्शॉ गावच्या दारूबंदी सभागृहात अंधार कोंदला होता. खिडक्यांवर घोंगड्या ठोकल्या होत्या, दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या आणि गॅसचे दिवे पार बंद केले होते. आत माणूस माणसाला चिकटून उभा. आठवडाभर सूतगिरणीत राबलेली माणसं ती. अंगाला यंत्राच्या तेलाचा, ओल्या लोकरीचा आणि कालच्या बिअरचा वास. दारूबंदी सभागृहात बिअरचा वास यायला नको खरा, पण अंधारात कोण कोणाचं तोंड हुंगत बसतो!

"अहो, सरका की जरा पुढं!"

"सरकू कुठं? त्या बंधूच्या मांडीवर जाऊन बसू?"

"श्श! आले, आले!"

व्यासपीठावरून लोण्यात बुडवून काढलेला आवाज आला. "बंधूंनो, भगिनींनो! दिवा लावू नका. आगकाडी तर मुळीच ओढू नका! देवाचा उजेड लाजाळू असतो. माणसाचा दिवा दिसला की तो मिटतो."

हे बंधू एझरा टॅपलिन. देवानं त्यांना कधी बोलावलं ते कोणाला माहीत नव्हतं. त्याआधी ते जत्रांतून जंतांची पूड विकत, एवढं मात्र खरं.

"या भगिनीचा जबडा डॉक्टरांनी काढून घेतला," टॅपलिन गहिवरून म्हणाले. "आणि देवानं काय केलं? जिथं हाड होतं, तिथं उजेड ठेवला!"

भगिनीचा बुरखा वर झाला. अंधारात एक चेहरा उमटला, हिरवट, फिकट, धुरासारखा हलणारा. कपाळ होतं, गाल होते. पण हनुवटी असायला हवी तिथं नुसती पोकळी, आणि त्या पोकळीच्या कडेकडेनं उजेड वळवळत होता. बायका हुंदके देऊ लागल्या. कोणी गुडघ्यांवर कोसळलं. लसणासारखा उग्र दर्प पसरला, तर टॅपलिन त्यावरही तयार होते. "वास येतोय ना? सैतान जळतोय, सैतान!"

मग बाटल्या निघाल्या. गळ्यापर्यंत भरलेलं 'प्रकाशतेल'. प्रार्थना करून अंधारात बूच काढायचं. श्रद्धा खरी असली तर तेल उजळणार. दुखऱ्या सांध्याला चोळा, जखमेला लावा. नाही उजळलं, तर दोष तेलाचा नव्हे, घेणाऱ्याचा.

तो उजेड कशाचा, हे त्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होतं. एक टॅपलिन. दुसरी, ज्या चेहऱ्यावर तो होता ती केझाया ड्रू.

केझी लंडनची. तेराव्या वर्षी आगकाड्यांच्या कारखान्यात लागली. काड्यांची टोकं फॉस्फरसच्या लगद्यात बुडवायची, वाफा छातीत घ्यायच्या आणि त्याच बाकावर बसून पावाचा तुकडा मोडायचा. घरी खुंटीला अडकवलेला तिचा झगा अंधारात भुतासारखा उजळायचा आणि धाकटी भावंडं टाळ्या पिटायची. विशीत दाढ दुखायला लागली. दाढ काढली, पण खड्डा भरला नाही. पू वाहू लागला, हाड कुजत गेलं, वास असा की आईनंही अंथरूण लांब सरकवलं. शेवटी इस्पितळात खालचा सगळा जबडा काढला. जीव वाचला, चेहरा गेला.

पुढचं जगणं ती कोणाला सांगू शकत नव्हती, कारण लिहिता येत नव्हतं आणि जबड्याबरोबर कोणाला कळेल असं बोलणंही गेलं होतं. घोडागाडीचा कंडक्टर म्हणायचा, "बाई, बाकीच्या लोकांचा विचार करा, चालत जा." पोटुशी बाई समोरून आली की पोटावर शाल ओढून रस्ता ओलांडायची, अशा चेहऱ्याकडे पाहिलं तर मूल तसंच जन्मतं, ही तिथली पक्की समजूत. खोली भाड्यानं मिळायची ती तळघरातली, जायचं-यायचं मागच्या दारानं. दानशूर बायका शिधा द्यायच्या, पण टोपली दारात ठेवून, मान वळवून. केझी घरात बसून गोणपाटं शिवायची आणि चोचीच्या कपानं पेज घशात ओतायची.

एकदा धर्मादाय अन्नछत्रात टॅपलिन तिच्यासमोर आला. तो दचकला नाही. हॅट काढून म्हणाला, "मिस ड्रू, इथं बसलं तर चालेल?" कित्येक वर्षांत तिला कोणी 'मिस' म्हटलं नव्हतं. त्यानं काय योजलंय ते तिला पहिल्याच दिवशी कळलं. तिच्या चेहऱ्याला फासायला फॉस्फरस मुरवलेल्या तेलाची बाटली त्यानं उघडली आणि तो ओळखीचा वास आला. तरी ती हो म्हणाली. पहिल्या सभेत एका म्हातारीनं तिच्या झग्याचं टोक डोळ्यांना लावलं, तेव्हा केझी बुरख्याआड रडली. सगळं खोटं आहे हे माहीत असून रडली.

गावामागून गावं झाली. राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या आदल्या हिवाळ्यात ती दोघं हॅदर्शॉला पोचली, आणि त्या रविवारी डॉर्कस हॉइल व्यासपीठावर आली.

डॉर्कस मागावर काम करणारी तरुण पोर. माग चालवणाऱ्या पोरी धोट्याच्या भोकातून सुताचं टोक तोंडानं ओढून घेतात. त्यात दातांची वाट लागते. तिचा गाल सुजून टम्म झाला होता. तिची आई, मिसेस हॉइल, तिला हाताला धरून ओढत होती.

"बंधू, आठवडाभर झोप नाही हो पोरीला. रडून रडून जीव नकोसा केलाय."

"तोंड उघड, लेकी," टॅपलिन म्हणाला.

त्यानं बोट तेलात बुडवलं आणि तिच्या तोंडात घातलं. हिरव्या बोटाच्या उजेडात केझीला ती दाढ दिसली. मध्ये खोल, काळं भोक. आजवर लोक तेल गुडघ्याला लावत, पाठीला लावत. कुजलेल्या दाढेत ते घातलं की काय होतं, हे केझीइतकं जवळून कोणी पाहिलं नव्हतं. ती ओरडली.

"ओंआत… अओ! ओंआत आऊ अओ!"

सभा थरारली. टॅपलिनचं बोट क्षणभर थांबलं. केझीचं बोलणं फक्त त्यालाच कळायचं, आणि आत्ताही ते नीट कळलं होतं. तोंडात घालू नको.

"ऐकलंत?" तो गरजला. "भगिनी म्हणते, उजेड आत जाऊ द्या! रोज, सकाळ-संध्याकाळ, दाढेत भरा!"

मिसेस हॉइलनं दोन बाटल्या घेतल्या. केझी तिच्या बाहीला धरू लागली, तर तिनं केझीच्या हाताचं चुंबन घेतलं आणि लेकीला घेऊन गर्दीत दिसेनाशी झाली.

बिऱ्हाडी आल्यावर केझीनं टॅपलिनसमोर बाटली फरशीवर आपटली.

"पोर आधीच दुखण्यानं हैराण आहे, जरा थंड वाटेल तिला," तो शांतपणे तुकडे गोळा करत म्हणाला. "आणि मिस ड्रू, मी गेलो की तुम्ही कुठं जाणार, याचाही विचार करा. पुन्हा तळघरात?"

केझीनं विचार केला. सोमवारी सकाळी बुरखा ओढून ती डॉक्टर प्रॉदेरोंच्या दवाखान्यात गेली.

प्रॉदेरो वेल्सकडचे, चिडके गृहस्थ. तिनं बुरखा उचलला तेव्हा तेही अर्धं पाऊल मागं सरले. मग पुढं झाले, खुर्ची ओढली.

"हे आगकाड्यांच्या कारखान्यातलं दुखणं. बरोबर? बसा. सावकाश बोला. मी चुकलो तर मान हलवा."

ते चुकत राहिले. ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. बाहेर रोगी खोकत होते, दार वाजवत होते. डॉक्टरांनी एकेक शब्द हातात घेऊन तपासावा तसा तपासला. "तेल… तेलात फॉस्फरस… पोरगी… दाढेत?" ते ताडकन उठले. "कोणाची पोरगी?"

हॉइलबाईनं त्यांना उंबरठ्यावरूनच परतवलं. "तुमच्या औषधांनी माझा नवरा वाचला का? नाही ना? मग देवाच्या कामात ढवळाढवळ नको."

"अहो, ते विष आहे!"

"विष असं उजळतं होय?" म्हणून तिनं दार लावलं.

पुढच्या रविवारी सभागृह आणखीच भरलं. प्रॉदेरो मागच्या भिंतीला टेकून उभे होते. डॉर्कस पुढच्या बाकावर. गाल आता काळानिळा. अंधार झाला, टॅपलिनचं लोणी वितळू लागलं, बुरखा वर गेला, हुंदके सुरू झाले. तेवढ्यात केझीनं दोन्ही तळवे आपल्या चेहऱ्यावरून फिरवले आणि टॅपलिनच्या तोंडाला गच्च लावले.

त्याचं नाक उजळलं. दाढी उजळली. दोन्ही गालांवर तिची दहा बोटं उमटली.

"अरे देवा, बंधू पण संत झाले!" अंधारातून कोणीतरी ओरडलं.

केझी थांबली नाही. तिनं टेबल पुसलं, टेबल उजळलं. टॅपलिनची हॅट उचलून तिच्यावर हात फिरवला.

"हॅटसुद्धा संत झाली का रे?" आता हशा पिकला, पण घाबरा हशा होता तो.

"सैतान! सैतानानं भगिनीला झपाटलं!" टॅपलिन किंचाळला.

"झपाटलं-बिपाटलं काही नाही," प्रॉदेरोंचा आवाज मागून आला. "तुमच्या खिशांत आगकाड्या आहेत ना? ओढू नका. काडीच्या टोकाचं गुल थुंकीनं ओलं करा आणि तळहातावर हळूच घासा."

मग एकानं घासलं. त्याचा तळवा हिरवट उजळला. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. थोड्याच वेळात सभागृहात जिकडंतिकडं हिरवे हात तरंगू लागले. आणि लोकांना आठवलं. लहानपणी त्यांतल्या अर्ध्यांनी हीच खोडी केली होती, आगकाडीनं भिंतीवर भुतं काढून बहिणींना घाबरवलं होतं. आठवत होतं सगळ्यांना. इथं, या चेहऱ्याशी त्याचा मेळ घालून पाहावं असं मात्र एकालाही वाटलं नव्हतं.

"त्या गुलात आहे तेच तेलात आहे," डॉक्टर म्हणाले. "फॉस्फरस. हवा लागली की उजळतो, म्हणून भरलेली बाटली काळी आणि बूच काढलं की चमत्कार. थंडीत कमी उजळतो, म्हणून ज्याच्या घरी चूल नाही त्याची श्रद्धा कमी! या बाईचा जबडा देवानं नेला नाही, फॉस्फरसनं नेला. आणि ती मागच्या रविवारी ओरडून हेच सांगत होती की पोरीच्या तोंडात घालू नका. या माणसानं तुम्हाला उलटं सांगितलं. आता कोणीतरी तो दिवा लावा. अंधार करा म्हणणाऱ्याला, दिवा का नको, एवढं तुम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

दिवा लागला. टॅपलिन मागच्या दारानं पसार झाला होता. बुरखा नसलेली केझी उजेडात उभी होती, आणि तिचा चेहरा लोकांना पहिल्यांदा खरा दिसला.

कोणी आभार मानले नाहीत. "शी! झाका ते!" एक बाई ओरडली. गेल्या रविवारी केझीच्या झग्याला डोळे लावणारी माणसं आता झगा लागू नये म्हणून अंग चोरून बाहेर पडली. कोणीतरी बाटली फेकून मारली. ती तिच्या खांद्याला लागली. फक्त मिसेस हॉइल जागची हलली नाही. ती दोन्ही हातांनी लेकीचं तोंड धरून उभी होती, आणि केझीच्या हनुवटीच्या जागी असलेल्या पोकळीकडे बघत होती. नजर न वळवता. बराच वेळ.

"डॉक्टर," ती शेवटी म्हणाली, "हिच्या दाढा आत्ताच्या आत्ता काढा."

दाढा निघाल्या, हाडाची एक कपचीही निघाली. गालावर वण राहिला, जबडा राहिला. पलीकडच्या गल्लीतला एक म्हातारा मात्र संधिवातावर चमचा चमचा तेल प्यायचा. तो पिवळा पडून, रक्त ओकून त्याच आठवड्यात गेला. एवढं होऊनही गिरणीत काही बायका म्हणतच होत्या की उजेड खराच होता, डॉक्टरच्या अश्रद्धेनं विझला. टॅपलिनला कोणी पकडलं नाही. वसंतात तो डोंगरापलीकडच्या गावात दिसला. या खेपेस त्याच्याबरोबर एक आंधळी पोर होती.

केझीला प्रॉदेरोंनी दवाखान्यामागची खोली दिली. ती बाटल्या धुवायची, पट्ट्या उकळायची. रोग्यांच्या बाकावर ती बसली की बाक रिकामा व्हायचा. डॉक्टरांनी बुरखा घ्या असं कधी म्हटलं नाही, आणि हळूहळू तिनंही तो घेणं सोडलं. दुखणं संपलं नव्हतं. वरचं हाडही कुजू लागलं होतं, आणि आपल्याला किती दिवस आहेत ते तिनं डॉक्टरांना विचारलं नाही.

सुट्टीच्या दिवशी डॉर्कस यायची. पहिल्यांदा आईनं पाठवलं म्हणून, पुढं आपणहून. सुरुवातीला तिला केझीच्या बोलण्यातलं अक्षर कळत नसे. "पुन्हा सांगा, मिस ड्रू," ती म्हणायची, आणि केझी पुन्हा सांगायची. हिवाळा सरता सरता एका गिरणीवालीनं दवाखान्यात डॉर्कसला हळूच विचारलं, "काय गं, त्या उजेडात खरंच देवाचं काहीच नव्हतं?"

कोपऱ्यात पट्ट्या गुंडाळत बसलेली केझी काहीतरी बोलली. गिरणीवाली चपापली. "काय म्हणते ती?"

"म्हणते, घरी गेल्यावर आगकाडी घासून स्वतः बघ," डॉर्कस म्हणाली. "आणि मग जेवायच्या आधी हात स्वच्छ धू."