दोन टाके

"ताई, काकाचं काम वापस येत नसतंय, मला म्हाईत हाय. पन आवाज जायलाय," असं म्हणून सिद्धोधननं गिटार काउंटरवर आडवी ठेवली.

बाबांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. सेलूतलं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान मी उघडलं होतं ते फक्त राहिलेल्या वस्तू ज्याच्या त्याला परत देण्यासाठी.

"काय काम केलं होतं बाबांनी?"

"केबल खोचतो ना, तो जॅक बदलला. पहिला ढिला होऊन गरगर फिरायचा, आतली तार तुटली. नवा टाकून म्हैनाबी झाला न्हाई. परवा चुडाव्याला ऐन गाण्यात बंद. पोरं म्हनले, सिद्धोधन नुसताच हात हलवायलाय." तो हसला, मग थांबला. "उद्या वालूरला कार्यक्रम हाय. परभनीला नेली असती. पन तिथं इचारतेत, आधी कुनी केलतं? काकाचं नाव कसं सांगू?"

मी बाबांचं स्टूल ओढलं. जॅकची पट्टी सोडवली. आत दोन तारा, कथिलाचे दोन टाके. एक ज्वारीच्या दाण्यासारखा टपोरा, चकचकीत. दुसरा राखाडी, खरखरीत. चिमट्यानं जरा ओढताच त्यातली तार अलगद बाहेर आली.

टाका थिजेपर्यंत तार हलली की तो असा होतो. शाळेत असताना तार धरायचं काम माझं होतं. "श्वास धर, मंजू," बाबा म्हणायचे आणि स्वतःही धरायचे. दुसऱ्या कुणाचा राखाडी टाका दिसला की म्हणायचे, "ह्याला टाका म्हनत न्हाईत. थुंकी हाय ही."

"घाईत होते का ते?" मी विचारलं.

"घाई कुठली? हात थरथरायचे की काकाचे." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुमाला म्हाईत न्हाई?"

मी नांदेडला शिकवते. महिन्यातून एक रविवार यायचे.

"वर्स झालं आसंल," तो हळू म्हणाला. "हा चांगला टाका हाय ना, तवा तार मी धरलती. मंग मला चहा सांगायला धाडलं. येऊस्तोवर दुसरा यकट्यानंच मारून बसलेते."

रविवारी मी चहा दिला की बाबा म्हणायचे, "अर्धाच दे." साखरेच्या भीतीनं कमी घेतात असं समजून मी त्यावरून बोलायचे. मी स्वयंपाकघरात जाईपर्यंत ते कपाला हात लावत नसत. त्यांना निवलेला आवडतो, असं मी धरून चालले होते.

मी जुनं कथील खरवडून काढलं. तार चिमट्यात धरली, श्वास धरला. नवं कथील वितळलं, राळेचा वास आला. टाका थिजला, चकाकला. बाबांच्या त्या चकचकीत टाक्याला मी हात लावला नाही.

सिद्धोधननं केबल खोचली, तार छेडली. केबल हलवली, वळवली. आवाज गेला नाही.

"जॅकच खराब निघाला म्हनतो पोरायला," तो गिटार पुसत म्हणाला. "कंपनीचा माल आजकाल तसलाच."

मी जॅकची पट्टी आवळून दिली.

तेवढ्यात समोरच्या हॉटेलातून बबितामावशी चहा घेऊन आल्या. एक कप काठोकाठ, एक अर्धा.

"अगं माय," कप ठेवताना त्यांच्या ध्यानात आलं. "ह्या दुकानाचा म्हनलं की अर्धाच भरतंय बघ. आन, भरून आनते."

"राहू द्या, मावशी," मी म्हणाले.

आणि तो अर्धा कप दोन्ही हातांनी उचलला.