दाराआडची बंदूक

मी छर्ऱ्यांची बंदूक बोलतेय. आजवर लोक माझ्यातून बोलत आले, आज माझी पाळी. आणि आधीच सांगून ठेवते, माझ्या पोटात राग आहे. तो मी लपवणार नाही.

माझा जन्म कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात झाला, ते मला धड आठवतही नाही. माझी खरी आठवण सुरू होते ती फुग्यांपासून. दोंडाईच्याच्या भिकुबाई आणि त्यांचे मालक हिलालभाऊ जत्रेत फुगे फोडायचा ठेला लावत. पाटीवर लाल, पिवळे, निळे फुगे टाचलेले आणि समोर मी नि माझी एक जोडीदारीण. सारंगखेड्याचा घोडेबाजार, मुक्ताईनगरची यात्रा, अशी माझी फिरती चाकरी असायची. फुगा फुटला की माणसं खदखदून हसायची. माझ्या आवाजानं कुणी रडलेलं मी पाहिलं नव्हतं.

माझ्या नळीच्या टोकावर नेम धरायचा एक बारका दाणा आहे. त्याला माशी म्हणतात. हिलालभाऊंनी ती पकडीनं जराशी डावीकडे वाकवली होती, म्हणजे फुगे लवकर संपत नाहीत. हो, लबाडी होती. पण जत्रेतली लबाडी, सगळ्यांना ठाऊक असलेली. "नेम तं बरोबर व्हता!" असं ओरडत लोक पुन्हा छर्रे मागत, आणि भिकुबाई पदरात हसत.

माझ्या बाबतीत भिकुबाईंचा एकच नियम होता. मला मधोमध मोडतात. नळी खाली वाकवली की आतली स्प्रिंग दबते, मग नळीच्या बुडात छर्रा ठेवायचा आणि नळी सरळ करायची. नळी वाकलेली असताना चाप सुटला, तर ती फटकन वर येते आणि मध्ये जे सापडेल ते चेचते. म्हणून भिकुबाई नळी काखेत घट्ट दाबून धरायच्या आणि मगच छर्रा भरायच्या. दुसऱ्या कुणाला भरू देत नसत.

मग सारंगखेड्याच्या जत्रेत अभिमन आला. भिकुबाईंच्या माहेरच्या गावचा, लांबचा पण भाऊ. तिथेच माझं नशीब फिरलं.

"अक्का, हरभरावर पोपट बसतस. जत्रा सरनी का बंदूक दे. थोडा दिसमा परत आनी देसू," तो म्हणाला.

हिलालभाऊ मानेनं नको नको म्हणत होते. भिकुबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "मन्हा माहेरना शे," एवढंच बोलल्या. माहेरचा माणूस हात पसरून उभा राहिला की आमच्याकडच्या बाईला नाही म्हणता येत नाही. जत्रा उठली आणि मी अभिमनच्या मोटरसायकलवर बसले. निघताना भिकुबाईंनी बजावलं, "नळी धरी ठेव, मंग छर्रा भर." तो हसला. म्हणाला, "अक्का, मी काय पोऱ्या शे का?"

हरभऱ्यावरचे पोपट राहिले बाजूला. पहिल्याच दिवशी त्यानं पकड घेऊन माझी माशी सरळ केली आणि मला शेताच्या विहिरीवर नेलं. त्या विहिरीच्या कपारींत पारवे राहतात. अभिमन आणि त्याचा दोस्त भूषण काठाआड दबा धरून बसले. एक पारवा काठावर येऊन घुमू लागला, मान फुगवून, अगदी घरच्यासारखा. अभिमननं चाप ओढला.

फुगा फुटला की नुसतं रबर उरतं. हे तसं नव्हतं. ते पाखरू पंख आपटत राहिलं आणि अभिमननं ते पायानं दाबलं. त्या दिवशी मला माझ्याच आवाजाची किळस आली. त्यानंतर रोज तेच. नेम चुकला की तो मला विहिरीच्या दगडावर आपटायचा. "भंगार शे साली!" म्हणायचा. आपटून आपटून माझा चाप आतून ढिला पडला. त्याला कळलं नाही. मला कळलं, आणि मी ते मनात ठेवलं.

संक्रांतीला भिकुबाई तिळगूळ घेऊन माहेरी आल्या. अभिमनच्या दारात उभ्या राहून त्यांनी त्याच्या हातावर लाडू ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, बंदूक दे ना आते. दुसरीनी स्प्रिंग तुटनी. मुक्ताईनी जत्रा जवळ उनी."

अभिमननं लाडू तोंडात टाकला आणि चावता चावता सांगितलं, "तुले काय सांगू अक्का, बंदूक चोरीस गयी. शेतमाईन कोनी तरी लई गया."

मी दाराआड उभी होते! भिकुबाईंच्या हातभर अंतरावर! त्यांच्या बांगड्या मला ऐकू येत होत्या. त्याची आई नर्मदाबाई चुलीपुढून माझ्याकडे बघत होती, पण पोराच्या तोंडावर तिला बोलवेना. भिकुबाईंनी डोळ्याला पदर लावला. "गयी ते गयी," म्हणाल्या. "पन आते जत्रामा काय लई जासू?" आणि निघून गेल्या.

तोंडात तिळगूळ आणि वर खोटं! तेव्हाच मी शपथ घेतली. बंदूक दाराआड होती, हे ह्या माणसाच्या स्वतःच्या तोंडून, भिकुबाईंसमोर, चारचौघांत वदवून घेईन. त्याशिवाय गंजणारसुद्धा नाही.

पण मी पडले लोखंडाची. मला ना हात ना पाय. मदत आली ती आभाळातून.

विहिरीवर त्यानं एक पारवा पाडला. तो हरभऱ्यात पडला न पडला, तोच वरून एक तपकिरी पाखरू दगडासारखं खाली आलं, पारवा पायात धरला आणि गेलंसुद्धा. ससाणी होती, ससाण्याची मादी, नरापेक्षा मोठी. अभिमन आ वासून बघत राहिला. पुढं हे वरचेवर होऊ लागलं. ससाणी विजेच्या टॉवरवर बसून राहायची आणि माझा आवाज झाला की यायची.

भूषण हसून लोळायचा. "तू मारस आनि ती खास! अभिमन, तू तं तिना नोकर शे!" गोष्ट गावातल्या पानटपरीवर पोचली. अभिमन दिसला की पोरं विचारत, "काय नोकर, आज बाईसाहेब जेवन्यात का?" मला त्या पोरांचे पाय धरावेसे वाटले.

अभिमन मात्र पेटला. "तिले नही पाडी तं नावना अभिमन नही," असं टपरीवर सगळ्यांदेखत बोलून बसला. टॉवरवर कावळ्याच्या जुन्या घरट्यात ससाणीची पिलं होती. पिलांना भरवायला ती येणारच, तेव्हा गाठायचं असं त्यानं ठरवलं. मी मनात म्हटलं, चल बाबा. तुझा सूड तिच्यावर, माझा तुझ्यावर. बघू कुणाचा आधी पुरा होतो.

आम्ही टॉवरखाली तुरीच्या कापलेल्या पेंढ्यांआड बसलो. ससाणी आली, टॉवरच्या आडव्या पट्टीवर टेकली. अभिमननं नेम धरला. मी किती आटापिटा केला, पण नळीला मान वळवता येत नाही. छर्रा गेला. तिच्या शेपटीचं एक पीस गिरक्या घेत खाली आलं.

दुसरं कुठलं पाखरू पळालं असतं. पण घरट्यात पिलं होती ना! ती वर गेली, उलटली आणि चीत्कारत थेट अभिमनच्या डोक्यावर आली. त्याची टोपी उडाली. ती पुन्हा वर चढली. "भर, भर, ती परत येस!" भूषण ओरडला. अभिमननं मला गुडघ्यावर मोडलं. डोळे आभाळात, मन आभाळात. नळी धरायचं भानच नाही. उजवा हात चापापाशी तसाच ठेवून डाव्या हाताच्या अंगठ्यानं तो छर्रा दाबू लागला. ससाणी झेपावली, तो दचकला, आणि ज्या चापाला त्यानं स्वतः आपटून ढिला केलं होतं, तो सुटला.

मी चावले. खोटं कशाला बोलू, जीव लावून चावले.

धुळ्याच्या दवाखान्यात त्याच्या अंगठ्याचं पेर काढावं लागलं. भूषणनं मला परत दाराआड आणून ठेवलं होतं. अभिमन तिकडे असताना नर्मदाबाईंनी मला तिथून काढलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि एसटीनं दोंडाईचा गाठलं. स्वतःशीच पुटपुटत होत्या, "दुसरानी वस्तू लपाडी ठेवी, ती चावीच एक दिस." एसटी टॉवरजवळून गेली तेव्हा लुगड्याच्या फटीतून मी वर पाहिलं. पिलं पट्टीवर बसून पंख झाडत होती, आणि ससाणी त्यांच्याकडेला.

"सापडनी," एवढंच म्हणून नर्मदाबाईंनी मला भिकुबाईंच्या मांडीवर ठेवलं. भिकुबाईंनी त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. म्हाताऱ्या माउलीला काय विचारायचं? चहा पाजला, एसटीपर्यंत पोचवलं. हिलालभाऊंनी माझा चाप नीट केला आणि माशी पुन्हा डावीकडे वाकवली. मला घरी आल्यासारखं वाटलं. पण शपथ बाकी होती.

ती यंदाच्या सारंगखेड्याच्या जत्रेत फिटली. गर्दीतून एक मुलगी बापाला ओढत आमच्या ठेल्यावर आली. "पप्पा, फुगा!" बाप मागं मागं सरकत होता. अभिमनच तो, आणि ती त्याची लेक साक्षी. भिकुबाईंनी मला उचललं आणि त्याच्यापुढे धरलं.

"घे भाऊ, भर छर्रा. तुले तं येस."

त्यानं मला हातात घेतलं. नळी वाकवली. अर्धा अंगठा माझ्या तोंडाजवळ आला आणि झटकन मागं गेला. मागं रांग होती, पोरगी वर बघत होती. मी दात उघडे ठेवून होते.

"अक्का, तूच भरी दे," तो पुटपुटला.

"भरसू. पन चोरीस गयेल बंदूक कोठे सापडनी, ते आधी सांग."

साक्षीनं विचारलं, "पप्पा, कोनी चोरी व्हती?" अभिमननं मान खाली घातली.

"चोरीस नही गयेल अक्का. दाराआड व्हती. मीच खोटं बोलनू."

अहाहा! असा फुगा मी उभ्या जन्मात फोडला नव्हता. भिकुबाईंनी मला काखेत धरलं, छर्रा भरला आणि साक्षीच्या हाती दिलं. तिचा नेम अर्थातच चुकला. "नेम तं बरोबर व्हता!" ती ओरडली. भिकुबाई पदरात हसल्या. अभिमन हसला नाही.

तुम्ही म्हणाल, झालं ना, आता सोड राग. नाही सोडत. विहिरीवरचे पारवे कोण परत देणार मला?

आता मी म्हातारी झाले, अंगावर गंज चढतोय. जत्रेत आलात तर ठेल्यावर या, फुगे फोडा. पाखरं मारायला मात्र मला मागू नका. आणि छर्रा भरताना नळी घट्ट धरा. हे तुम्हाला सांगते, कारण तुमच्याशी माझं वैर नाही. अभिमनला मी आजही सांगणार नाही.