गाळलेला शब्द

कॅप्टनच्या वकिली कचेरीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खटल्यांच्या फायली खिडकीत ढकललेल्या, टेबलावर प्रचाराच्या झेंड्यांचे गठ्ठे, आणि त्यातून वाट काढत धाकटी चहाचे कप ठेवत होती. धाकटी म्हणजे कॅप्टनच्या भावाची बायको. भाऊ सीमेवर लढताना मारला गेला त्याला सात वर्षं झाली. पण घराच्या लेखी ती अजून त्याचीच बायको होती. कॅप्टन स्वतः लढाईत मांडीवर गोळी झेलून परतलेला, मग वकील झालेला, आणि आता संसदेच्या निवडणुकीला उभा. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर त्याच्यावर शाई कशाला वाया घालवायची?

छापखानेवाला भित्तिपत्रकाचा नमुना घेऊन आला. वर कॅप्टनचा मोठा फोटो, खाली छोट्या गोलात धाकटीचा.

कॅप्टननं चष्मा चढवला. "अहो, तिसऱ्यांदा तेच! 'वीरपत्नीचा आशीर्वाद' लिहून दिलं होतं. इथं नुसतं 'आशीर्वाद'. शब्द परत गळलाय."

"गळला नाही साहेब, गाळला. मीच."

"म्हणजे?"

छापखानेवाल्यानं बोटांवरची शाई फडक्यानं पुसली. पुसली जात नव्हती, तरी पुसत राहिला. "मला यांच्याशी लग्न करायचंय. यांचीही तयारी आहे. मग यांना मी माझ्याच हातानं दुसऱ्याची बायको म्हणून कसं छापू?"

दारातून कॅप्टनची आई ओरडली, "अगं बाई! लाजबीज काही उरली का नाही?"

धाकटीनं ट्रे खाली ठेवला. कचेरीची छपाई घेऊन ती वर्षभर छापखान्यात जात होती. तिथं ती मोठ्यानं हसायची. घरात तिला फिके कपडे घालावे लागत, आणि सभेत कॅप्टनशेजारी मान खाली घालून बसावं लागे. "हसू नकोस, फोटोत बरं दिसत नाही," असं तिला सासूच बजावून सांगे.

"आई, लाज कसली? मी चोरी केली का?"

"लोक तोंडात शेण घालतील! माझ्या लेकाचं नाव लावून मिरवतेस आणि..."

"मी मिरवते? मला मिरवता तुम्ही!"

कॅप्टननं दोघींना हातानं थांबवलं. कोर्टात थांबवायचा तसंच. "हे बघ, मी नाही म्हणतोय का? मतदान तेवढं होऊ दे. आत्ता हे बाहेर गेलं तर विरोधक डोक्यावर मिरे वाटतील."

"दादा, मागं तुम्ही त्या विधवेचा खटला लढलात. 'गेलेल्याच्या नावानं जिवंत माणसाला कोंडून ठेवता येत नाही,' असं म्हणालात. ते टाईप मी केलं होतं."

"अगं, ते कोर्ट होतं."

"आणि हे घर आहे. तेच म्हणतेय मी."

कॅप्टननं चष्मा काढून नमुन्यावर ठेवला. धाकटी म्हणाली, "आज संध्याकाळच्या सभेत तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून आलं की लोक ऐकतील. नाहीतर मला माझं मी सांगावं लागेल."

"बघतो," कॅप्टन म्हणाला. आपल्याकडच्या सगळ्या भल्या माणसांचा हा लाडका शब्द.

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं होतं. कॅप्टन रंगात आला होता. सैन्य झालं, कायदा झाला, आणि मग सवयीनं, होय, निव्वळ सवयीनं, तो म्हणून गेला, "आता माझ्या हुतात्मा भावाची वीरपत्नी मंचावर येईल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटी मधल्या रांगेतून उठली. अंगात गडद लाल कपडे. टाळ्या अर्ध्यावर विझल्या.

"मी येणार नाही," ती म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "ते गेले तेव्हा मी खूप रडले. आजही आठवण येते. पण येत्या सोमवारी मी लग्न करतेय. दादांना माहीत आहे. विचारा त्यांना."

"निर्लज्ज!" कुणीतरी बाई मागून म्हणाली. मग कुजबुज, मग शिट्टी. मग सगळ्यांनी मंचाकडे पाहिलं.

कॅप्टनच्या हातात माईक होता. 'हे लग्न माझ्या घरातून होईल,' एवढं एकच वाक्य पुरेसं होतं. गोळीला पाठ न दाखवलेला माणूस तो. त्यानं पहिल्या रांगेतल्या आईकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, घसा खाकरला.

"मंडळी, आपण रस्त्यांच्या प्रश्नाकडे वळूया."

आणि टाळ्या पडल्या! सुटल्यासारख्या, मोठ्या टाळ्या. धाकटी रांगेतून बाहेर निघाली तेव्हा तिला वाट द्यायला कुणी उठलं नाही. गुडघे तेवढे आखडून घेतले. दारात छापखानेवाला उभा होता. दोघं निघून गेली. सोमवारी त्यांचं लग्न झालं, घरातलं एकही माणूस गेलं नाही.

कॅप्टन निवडून आला. आता जवळच्या माणसांत बसला की म्हणतो, "त्या दिवशी मी चुकलो. फार लाज वाटते." मग दार नीट लागलंय ना, ते बघतो. लाज अशी दार लावून वाटून घ्यायची सोय त्याला आपणच करून दिली आहे. त्या टाळ्या आपल्याच होत्या. आणि वाचकहो, तुमच्या घरातली धाकटी अजून कशासाठी थांबली आहे?